समोरच्या भिंतीवरून आलेला उजेड

वाचकांचे प्रश्न : फोनवरचे फोटो

मागच्या अंकात फोनवर काढलेल्या फोटोंबद्दल प्रश्न मागवले होते. पुष्कळ पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तर देते. पहिल्याला जास्त जागा गेली आहे, कारण तो प्रश्न मला फार जवळचा आहे.

प्रश्न : माझा मुलगा मेक्सिकोत मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो राहतो त्या ग्वानाह्वातो गावात मी 2 महिने राहून आले. डोंगराच्या उतारावर पिवळी, गुलाबी, निळी घरं आणि मधून पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या. मुलगा कामावर गेला की मी फोन घेऊन बाहेर पडायची. आयुष्यात कधी फोटो काढले नव्हते, तिथे 1400 काढले. दारांचे, कुंड्यांचे, दोरीवरच्या कपड्यांचे. ठाण्याला परत येऊन 4 महिने झाले. लेकीच्या बाळाचे सोडले तर फोनमध्ये एकही नवा फोटो नाही. खारकर आळीतून रोज भाजी आणते, पण फोन काढावासा वाटत नाही. जन्म इथे गेला, म्हणून इथे बघण्यासारखं काही नाही असं म्हणवत नाही. पण दिसत नाही, हे खरं. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, 2018 च्या नोव्हेंबरात मी भाचीकडे 11 दिवस याच गावात होते. परत आल्यावर माझंही अगदी हेच झालं, म्हणून तुमचं पत्र सगळ्यांत आधी घेतलं.

पहिल्या सकाळची गोष्ट सांगते. भाचीच्या घराखालच्या गल्लीत एक बाई बादलीतून पाणी टाकून पायऱ्या धूत होती, आपल्याकडे सकाळी अंगण शिंपतात तशी. बाजूच्या घराची भिंत सुरेख फिकी गुलाबी दिसत होती. मी फोटो काढला आणि जवळ जाऊन भिंतीला हात लावला, तर बोटांना पांढरा चुना लागला. भिंत पांढरीच होती! समोरच्या घराला गडद गुलाबी रंग होता, त्याच्या वरच्या अंगाला ऊन लागत होतं, आणि तोच उजेड उलटून या भिंतीवर येत होता. ओल्या पायऱ्यांवरही तोच गुलाबी. पाऊण तासानं ऊन खाली उतरलं आणि भिंत पुन्हा पांढरी झाली.

मी वीसेक वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंट तपासायचं काम केलं. तिथे यालाच आम्ही ‘कास्ट’ म्हणायचो आणि काढून टाकायचो. लग्नाच्या मांडवाचा लाल कापडी उजेड नवरीच्या गालावर आला की गिऱ्हाईक तक्रार करायचं. त्या सकाळी मला वाटलं, आपण किती वर्षं सुंदर गोष्ट धुऊन काढत होतो.

तो उजेड असा का येतो, तर गल्ली अरुंद म्हणून. ग्वानाह्वातो चांदीच्या खाणींचं गाव. अठराव्या शतकात जगातली सर्वाधिक चांदी निघणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होती. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत, खाणीजवळ जिथे जागा मिळेल तिथे लोकांनी घरं बांधली, म्हणून रस्ते असे वाकडेतिकडे. मधून नदी वाहायची, तिचे पूर यायचे. पुढे नदी वळवून तिच्या जुन्या पात्रातून जमिनीखालचे रस्ते काढले. तुम्ही ज्या दगडी कमानींखालून बसने गेला असाल, तिथे एके काळी पाणी होतं. 1988 साली हे गाव जागतिक वारसा यादीत गेलं. आपण काढलेल्या फोटोंतलं निम्मं काम या अडचणीच्या जागेनं केलेलं आहे.

आता आपल्या खारकर आळीचा, महागिरीचा, चेंदणी कोळीवाड्याचा विचार करा. गल्ल्या तेवढ्याच अरुंद. आणि नकाशा काढून बघा, ग्वानाह्वातो विषुववृत्ताच्या उत्तरेला 21 अंशांवर आहे, ठाणे 19 अंशांवर. सूर्याचा कल जवळजवळ सारखाच. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यांच्याकडेही हे होतं, तारखा थोड्या पुढेमागे. तेव्हा ऊन त्यांचं चांगलं आणि आपलं वाईट, असं काही नाही.

फरक आहे तो हवेचा. ते गाव सुमारे 2000 मीटर उंचीवर, हवा कोरडी, म्हणून लांबच्या टेकडीवरचं घरसुद्धा लख्ख दिसतं. आपण खाडीकाठचे. हवेत कायम ओल, त्यात धूळ. लांबचं सगळं पांढुरकं होतं. तिथे तुम्ही वर चढून गावाचे फोटो काढले असतील, ते उत्तम आले असतील. तोच प्रयोग इथे विसाव्या मजल्याच्या गच्चीवरून केलात तर राखाडी पत्र्याशिवाय काही हाती लागणार नाही. ठाण्यात जवळचे फोटो काढा. हातभर, फार तर चार पावलांवरचे.

आणखी एक. तिथे रंग भिंतीवर असतो. आपल्याकडे चार पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ येतात, शेवाळ धरतं. आपण त्या भिंतीकडे बघून म्हणतो की गाव कळकट आहे. पण रंग आपल्याकडे वस्तूंत असतो आणि त्या काळपट भिंतीपुढेच तो उठून दिसतो. अबोलीचा गजरा पिवळ्या भिंतीपुढे धरा, हरवेल. ओल्या काळ्या भिंतीपुढे धरा आणि मग बघा. प्लॅस्टिकच्या बादल्या, कळशा, दोरीवरचं नऊवारी, टेम्पोच्या पाठीवर रंगवलेलं कमळ, पिवळ्या टपाची रिक्षा, या सगळ्याला मागे काहीतरी मळकट लागतंच.

माझ्या इमारतीखाली इस्त्रीवाला बसतो. त्याच्या टपरीवर निळी ताडपत्री आहे, एका बाजूला ठिगळ लावलेली. दुपारी 4 च्या सुमाराला ऊन त्या ताडपत्रीतून गाळून आत येतं आणि घडी घालून ठेवलेले पांढरे शर्ट आकाशी होतात. ठिगळाच्या कडेच्या फटीतून मात्र सरळ ऊन पडतं, म्हणून एकाच शर्टाची कॉलर पिवळी दिसते. इस्त्रीतून वाफ आली की तीही निळी. मी त्या टपरीवर 15 वर्षं कपडे देत होते. मला हे दिसलं ते मेक्सिकोहून आल्यावर, आणि तेही सहा महिन्यांनी.

सहा महिने का लागले? कारण तिथे सकाळी मला कुठेही पोचायचं नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मुलगा गेला, घर आवरलं, बाहेर पडलात. इथे तुम्ही बाहेर पडता तेव्हा डोक्यात मेथी, कोथिंबीर, गॅसचा नंबर, लेकीचा फोन. अशा वेळी डोळे रस्ता बघतात, खड्डा बघतात, सुट्टे पैसे बघतात. ते त्यांचं कामच आहे. त्यांना दोष देऊ नका.

म्हणून एक करा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, भाजीची पिशवी घरी ठेवून निघा. रोज तीच गल्ली आणि तीच वेळ, सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी 5 नंतर. पहिल्या दिवशी फोटो काढूच नका. ऊन कुठे पडलंय आणि तिथून उलटून कुठे जातंय, एवढंच पाहा. कुणाच्या तरी स्टीलच्या पिंपावरून ते जिन्यात जात असेल. दुसऱ्या दिवशी त्या जागी थांबा, काहीतरी तिथून जाईल. मांजर जाईल, शाळेचं दप्तर जाईल, दूधवाला जाईल. थांबणं हेच काम आहे. तिथे तुम्ही नकळत थांबत होतात, कारण चढाने दम लागत होता!

आणि एकदा दसऱ्याच्या आदल्या पहाटे जांभळी नाक्यावर जा. झेंडूचे ढीग बघाल तेव्हा तुम्हाला तिकडची आठवण येईलच. नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला तिथे घरोघरी, वारलेल्या माणसांसाठी मांडणी करतात, आपल्या पितृपंधरवड्यासारखी. फोटो, पाणी, मीठ, त्यांच्या आवडीचा पदार्थ, आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट. त्या फुलाला तिथे सेम्पासूचिल म्हणतात. झेंडू मूळचा तिथलाच. आपल्या ठाण्याच्या कोपिनेश्वर महादेवाला वाहतात तो देवचाफाही त्याच भागातून आलेला. मिरची तिथली, चिकू तिथला. चित्रकार दिएगो रिव्हेरा 1886 साली ग्वानाह्वातोत जन्मला, त्याचं घर तुम्ही पाहिलंही असेल. त्यानं पाट्यावर मका वाटणारी बाई रंगवली आहे. वरवंटा आपल्यासारखाच दोन्ही हातांनी धरलेला, पाटा तिरका आहे, एवढाच काय तो फरक. ते चित्र पाहून मला माझी आजी आठवली, गुडघे टेकून चटणी वाटणारी. आजीचा मात्र एकही फोटो नाही, कारण रोजचं काम करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा असतो हे तेव्हा घरात कुणाला सुचलं नाही.

प्रश्न : मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घराजवळच्या तलावावर फ्लेमिंगो येतात. फोनवर झूम केलं की नुसते गुलाबी डाग दिसतात. दुसरं म्हणजे आमच्या सेक्टरमधल्या एका पिवळ्या इमारतीचा फोटो नेहमी फिका येतो आणि आकाश पांढरं. चांगला फोन घ्यावा का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : आधी शर्टाच्या टोकानं नको, धुतलेल्या सुती कापडानं लेन्स पूस. बोटाचा तेलकटपणा आणि आपल्याकडची दमट हवा मिळून काचेवर साय धरते, आणि उजेडाकडे फोन केला की सगळा फोटो धुरकट होतो. मला फोटो दाखवायला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचं दुखणं इथेच बरं होतं.

आता फिका पिवळा. फोन चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडीवर आणू पाहतो. तुझ्या चौकटीत खाली झाडांची गडद सावली असणार. फोनला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, त्यात बिचारी भिंत आणि आकाश दोन्ही धुऊन निघतात. पडद्यावर भिंतीवर बोट टेकव आणि दाबून धर. बाजूला सूर्याची खूण येते, ती हळूच खाली ओढ. भिंतीचा पोत दिसायला लागला की थांब. सावल्या काळ्या पडतील, पडू दे. आमच्या निगेटिव्हच्या दिवसांत उजेड थोडा जास्त झाला तरी प्रिंटमध्ये सांभाळून घेता यायचा. फोनमध्ये जे पांढरं जळालं ते गेलं, नंतर कितीही ओढाताण केली तरी परत येत नाही. आणि रंग भडक करणारं बटण वापरू नकोस. पिवळा एका मर्यादेपुढे नेला की त्यातल्या प्लॅस्टरच्या रेघा, पावसाचे ओघळ सगळं सपाट होतं आणि रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतं.

फ्लेमिंगोंचं सांगते. फोनच्या स्वतःच्या लेन्सची हद्द संपली की पुढचं झूम म्हणजे असलेल्या चित्राचा तुकडा कापून मोठा करणं. त्यात नवीन काही दिसत नाही. मग पक्षी मोठा करायचा हट्ट सोड. पक्षी लहान, पण ओळीनं. खाली ओहोटीचा चिखल, मागे खाडीची तिवरं, त्यामागे इमारतींच्या खिडक्या. हा फोटो नवी मुंबईतच निघतो. मेक्सिकोच्या युकातान भागात सेलेस्तून नावाच्या गावी खाडीत फ्लेमिंगो आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी भडक गुलाबी. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येतो. पण त्यांच्या मागे असं गजबजलेलं गाव उभं नाही. आणि चिखलात उतरू नकोस. पक्षी उडतात आणि त्यांचं खाणं बुडतं.

नवीन फोन? नको. याच फोनवर एक पावसाळा काढ, मग मला पुन्हा लिही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. जवळच्या दिवाळे गावात मासे आणायला जाते. तिथल्या एका मावशींचे हात, हिरव्या बांगड्या आणि समोरची चकचकीत पापलेटं बघून फोटो काढावासा वाटतो. विचारलं की त्या नीट बसतात आणि सगळी गंमत जाते. न विचारता काढावा का?
— एक वाचक, बेलापूर

उत्तर : नाही. विचारूनच काढा.

हे मी माझ्या हातून चूक झाल्यावर शिकले. ग्वानाह्वातोत मेर्कादो इदाल्गो म्हणून 1910 साली उघडलेली मोठी मंडई आहे, लोखंडी सांगाड्याची, रेल्वे स्टेशनच्या छपरासारखी. तिथे एक म्हातारे गृहस्थ दुधाच्या आणि नारळाच्या वड्या विकत होते, आपल्या बर्फीच्या नात्यातल्या. वरून ऊन त्यांच्या टोपीवर पडलं होतं. मी पटकन फोटो काढला. त्यांनी काही न बोलता टोपी काढून चेहऱ्यासमोर धरली आणि मी निघून जाईपर्यंत तशीच धरून ठेवली. मी परत वळले, त्यांच्यासमोर फोटो पुसला, हात जोडले. ते हसले नाहीत. त्यांनी हसावं अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नव्हता. तो फोटो चांगला आला होता, आणि तो पुसल्याची मला आजपर्यंत हळहळ वाटलेली नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेला सान हुआन चामुला गावात तर चर्चमध्ये फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि ती पाळली जाते.

तुमच्या मावशी तर ओळखीच्या, दर आठवड्याच्या. विचाराल तेव्हा त्या पदर सारखा करतील, ताठ बसतील. तो पहिला फोटो त्यांचा. त्यांना हवा तसा काढा, दाखवा. मग फोन हातात ठेवून मासे घ्या, भाव करा. गिऱ्हाइकं येतील, बर्फ टाकायचा असेल, कोयती चालवायची असेल. पाच मिनिटांत त्या तुम्हाला विसरतील. तेव्हा हातांचा फोटो काढा, परवानगी मिळालेलीच आहे. घाई असेल त्या दिवशी काढू नका, मासे घेऊन या.

उन्हाबद्दल एक सूचना. मासळी बाजारात वरून ताडपत्री असते आणि मधल्या फटीतून उन्हाची पट्टी पडते. पापलेट त्या पट्टीत असेल तर ते पांढरं जळेल, खवले दिसणार नाहीत. पट्टीच्या कडेला, सावलीत असलेलं पापलेट घ्या. चांदीसारखी झाक तिथे दिसते.

आणि फोटो आधी त्यांना द्या, नंतर शाळेच्या ग्रुपवर. ग्रुपवर टाकायचा असेल तर तेही विचारा. मी जांभळी नाक्यावरच्या एका फुलवालीला तिच्या हातांची प्रिंट दिली होती. तिनं ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “माझ्या आईचे हात आहेत गं हे.” ती प्रिंट तिच्या गल्ल्यात असते, नोटांच्या खाली.

प्रश्न : फोनमध्ये 9000 फोटो आहेत. जागा संपली. कसे निवडू?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आमच्या वेळी रोल 36 चा असायचा. घरातलं एक माणूस गावाला गेलं तरी तो दिवाळीपर्यंत पुरवायचे. तेवढी काटकसर आज कुणाला करायला सांगणार नाही, पण आकडा चांगला आहे. महिन्याला 36 ठेवा. दर रविवारी चहाबरोबर दहा मिनिटं बसा, एकाच दाराचे सात असतील तर एक ठेवा. ज्याच्याकडे पाहून ती जागा आणि ती वेळ आठवते, तो ठेवायचा. नुसता सुंदर आहे पण कुठला ते आठवत नाही, तो जाऊ दे. जुने 9000 एकदम चाळायला बसू नका, कंटाळून सगळेच राहतील. या महिन्यापासून सुरू करा आणि मागे मागे जा.

वर्षाच्या शेवटी 12 निवडून 4 बाय 6 च्या प्रिंट काढा. मागे तारीख आणि जागा लिहा, पण पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतं.